ज्याच्या घरी, त्याच्याच पुस्तकातून

सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना समोर बसवून सांगितलं, की पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. कडेकडेचं दिसत राहील, पण जिथं नजर लावाल नेमकं तिथंच दिसणार नाही. दार दिसेल, दारावरची पाटी दिसणार नाही. माणूस दिसेल, त्याचं तोंड दिसणार नाही. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. मी इंजेक्शनचं विचारत होते, दुसऱ्या डोळ्याचं विचारत होते. माझ्या वडिलांनी एकच विचारलं.

"साहेब, वाचायला येईल का?"

"काय वाचता तुम्ही?"

"बायबल."

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "पुस्तक जड जाईल आता. मुलगी शिकलेली दिसते तुमची. फोनवर लावून देईल. त्यात अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं."

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीकडं तोंड करून होते. मग म्हणाले, "पाहिजे तेवढं म्हंजे केवढं?"

"नारळाएवढं करू की," मी म्हटलं.

"मंग एका टायमाला किती मावायचं त्यात?"

मला तेव्हा हसू आलं होतं.

आमचं घर ढोकीचं. अण्णा कारखान्यात हंगामी कामाला होते, हंगाम सरला की मिळेल ते काम. शाळा चौथीपर्यंत. पण आमच्या लोकांत त्यांची ओळख कारखान्याची नव्हती. 'वाचणारे' म्हणायचे त्यांना. आम्हा ख्रिस्ती माणसांची घरं ह्या भागात विखुरलेली, ह्या गावात एक, त्या गावात दोन. रविवारची उपासना आमच्याच पत्र्याच्या खोलीत व्हायची, त्यासाठी धाराशिवहून पाळकसाहेब यायचे. बाकीचे दिवस अण्णांचे. कुणी आजारी आहे, कुणाचं माणूस जाऊन वर्ष झालंय, कुणाचं काहीच नाही पण म्हातारपणी एकटं आहे, की अण्णा एसटीनं नाहीतर चालत तिथं जायचे आणि वाचून यायचे. ह्या कामाला पद नव्हतं आणि कुणी दिलेलंही नव्हतं.

पुस्तक मात्र प्रत्येक घरात होतं. घरात वाचता येणारं कुणी नसलं तरी होतं. कपड्यात बांधून फळीवर, देव्हारा असावा तशा जागी. अण्णांची एक रीत होती. आपलं पुस्तक दुसऱ्याच्या घरी न्यायचं नाही. ज्याच्या घरी जायचं, त्याच्याच पुस्तकातून वाचायचं. मी लहानपणी कारण विचारलं होतं. म्हणाले, "आपलं नेलं तर आपण वाढायला गेलो असं होतं. त्यांचं उघडलं तर त्यांच्याच घरातलं त्यांना गावतं."

दुसरी रीत त्याहून कडक. पुस्तक उघडं असताना आपला शब्द बोलायचा नाही. वाचताना एक शब्द इकडचा तिकडं झाला तर ते पूर्ण वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. मध्ये कुणी काही विचारलं तर आधी पुस्तक मिटायचे, मग उत्तर द्यायचे. खोकला आला तरी मिटायचे. आई म्हणायची, "आवो, खोकायला कशाला मिटायलाव? त्यो काय सैतान हाय का?" अण्णा खोकून घ्यायचे, उघडायचे, पुढं वाचायचे. त्यात एक शब्द घालायचा नाही आणि एक काढायचा नाही, हे त्यांना कुणीतरी फार पूर्वी सांगितलं होतं आणि ते त्यांनी जिवाशी धरलं होतं. वाचून झालं की पुस्तक कपड्यात बांधून मांडीवर ठेवायचे. मग घरची बाई बोलायला लागायची. सुनेचं, गुडघ्याचं, शेळीचं, रात्री पडणाऱ्या स्वप्नांचं. अण्णा ऐकत बसायचे. माझ्या मते खरी सेवा तीच होती, पण हे त्यांना पटलं नसतं. ते ऐकायला जात नव्हते, वाचायला जात होते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी मान वर करून सांगते. आमच्या गल्लीमागच्या बौद्ध वस्तीतल्या पोरी कॉलेजला जायला लागल्या, ते बघून अण्णांनी मलाही धाराशिवला घातलं. नातेवाईक म्हणाले, पोरीला शिकवून हिला काय पाळक करायचंय का. अण्णा म्हणाले, "काय करायचं ते ती बघंल. आपल्याला वाचता येतंय तेवढ्यावर आपण जन्म काढला, तिला जास्त येऊ द्या." आज मी धाराशिवला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. अर्ज, निकाल, शिष्यवृत्त्या, सगळं कॉम्प्युटरवर. तेव्हा वडिलांच्या वाचण्याची सोय लावणं मला अवघड काम वाटलं नव्हतं.

आधी मोठ्या अक्षराचं छापील पुस्तक आणलं. उचलताना दोन्ही हात लागायचे. अण्णांनी ते उन्हात धरून बघितलं, तिरपं धरून बघितलं, एक डोळा झाकून बघितलं. समोरचा शब्द जायचा आणि वरच्या ओळीतला कोपऱ्यातला शब्द दिसायचा. कोपऱ्यात नजर न्यावी तर तोही जायचा. "म्हशीवानी मान वाकडी करून किती बगायलाव," आई म्हणाली, आणि मग स्वतःच आत निघून गेली. अण्णांनी ते पुस्तक फळीवर ठेवलं.

मग फोन. काळ्या पडद्यावर पिवळं अक्षर, जेवढं मोठं होईल तेवढं मोठं. डोळा बाजूला वळवून अण्णांना दिसलं. पहिला शब्द वाचला तेव्हा आई भाकरी टाकायची थांबली होती. पण एका वेळी पडद्यावर तीन-चार शब्द मावायचे. अंगठ्यानं वर सरकवायचं, पुढचे तीन-चार. वाक्य संपेपर्यंत त्याचं डोकं कुठं होतं ते विसरायला व्हायचं. अंगठा जरा जोरात गेला की एकदम भलत्याच अध्यायात. तरी त्यांनी महिनाभर नेटानं सराव केला. ओट्यावर बसून, पहिलीतल्या पोरासारखं, एकेक शब्द. शेजारची माणसं जाता-येता बघायची. मला वाईट वाटायचं ते त्यांच्या डोळ्यांचं कमी, आवाजाचं जास्त. ज्या आवाजाला बाया डोक्यावर पदर घेत होत्या, तो आवाज अडखळत होता.

एका रविवारी त्यांनी उपासनेत फोनवरून वाचलं. वाचलं म्हणजे, सुरू केलं. अर्ध्यात ओळ सरकून गेली, ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं म्हणून मागं सरकवायला लागले, आणि मागचं काही सापडेना. अण्णा म्हणाले, "ह्यात पानच न्हाय. कुठं हाय ते कळत न्हाय." पुस्तकात त्यांना कुठलं वचन डाव्या पानावर खाली आहे, कुठलं उजव्या पानाच्या डोक्यावर, हे हाताला ठाऊक होतं. इथं ना डावं ना उजवं. पाळकसाहेब तरुण आहेत, स्वतः टॅबवर वाचून उपदेश करतात. ते उठले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि राहिलेलं त्यांनी वाचलं.

त्यानंतर मी बोलणारं बायबल लावून दिलं. बटण दाबलं की एक माणूस वाचतो. आवाज भरदार, उच्चार एकदम शुद्ध, पाठीमागं हलकं वाद्य. अण्णांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टोपी काढून बसले होते. संपूर्ण अध्याय ऐकला आणि म्हणाले, "लई चांगलं वाचतोय ह्यो माणूस. म्या असं कदी वाचलं न्हाय." कौतुकच होतं ते. थोड्या दिवसांनी म्हणाले, "पर ह्यो थांबत न्हाय." म्हणजे असं की, अण्णांना पहाटे वाचताना एखाद्या ओळीवर थांबायची सवय. बोट ठेवून बसायचे, चहा निवून जायचा. हा माणूस थांबायचा नाही. मी त्यांना थांबवायचं बटण दाखवलं. ते म्हणाले, "मला कुठं थांबायचंय ते आदी कसं कळंल? त्याच्याजवळ येस्तोवर त्यो म्होरं गेलेला असतोय."

पाळकसाहेबांना मात्र ही गोष्ट फार आवडली. रविवारी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की आता ज्याला वाचता येत नाही त्यालाही रोज वचन मिळेल, कुणाची वाट बघायला नको. खरंच होतं. ज्यांच्याकडं असे फोन होते त्या सगळ्यांना मी ते बसवून दिलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्या वाचणाऱ्या बाबाला एकदा जेवायला बोलवायचं का आपल्याकडं? बिचारा रोज वाचतोय." सगळे हसले. अण्णाही हसले.

आणि मग अण्णांना बोलावणं कमी झालं. कुणी वाईट वागलं नाही. आजारी माणसाच्या उशाशी फोन लावून ठेवायला लागले, बाया भाकरी करताना ऐकायला लागल्या. अण्णा कुठं भेटले तर आनंदानं सांगायचे, भाऊ, तुमच्या पोरीनं लई झ्याक काम केलं बगा, आता रोज ऐकतोय आमी. ह्याला अण्णा काय म्हणणार? "चांगलं झालं," म्हणायचे. छापील पुस्तकाला वाचणारा लागत होता. वाचता न येणाऱ्या घरात ते पुस्तक होतं म्हणून अण्णा होते, हे मला तोवर असं सरळ कधी दिसलं नव्हतं. फोन दिला हे मी चुकीचं केलं असं मी आजही म्हणणार नाही. शंभर वेळा विचारलं तरी नाही. माणसांना रोज वचन मिळत होतं, आणि माझे वडील ओट्यावर बसून होते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

तेर गावच्या अक्काला फोन द्यावा, हे अण्णांनीच सुचवलं. अक्का विधवा, अण्णांपेक्षा थोरली. नात्यानं कुणी नाही, पण अण्णा तिला अक्का म्हणायचे आणि ती त्यांना भाऊ. मी आत्या म्हणते. तिला एकच मुलगा, तो पुण्याकडं कंपनीत. लग्नानंतर काहीतरी बिनसलं आणि त्यानं येणं बंद केलं. फोनही करत नव्हता. गुडघ्यामुळं अक्काला रविवारी ढोकीला यायला जमत नव्हतं, म्हणून अण्णा दर आठवड्याला तिच्याकडं जाऊन वाचत. डोळे गेल्यावर जाणं बंद पडलं. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडाला मी माझा जुना फोन नेऊन दिला, त्यात ते बसवलं, इथं दाबायचं, इथं बंद करायचं, असं दोन-तीनदा करून दाखवलं. अण्णांच्या डोळ्यांचं मी तिला मोघमच सांगितलं. डोळे जरा कमजोर झालेत म्हटलं. अण्णांनीच तसं सांगायला लावलं होतं.

दिवाळी झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी अण्णा म्हणाले, चल, अक्काला बघून येऊ. ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती. अण्णा दारातून सरळ आत गेले, पाट कुठं असतो ते त्यांना ठाऊक होतं, बरोबर पाटावर जाऊन बसले. नवख्या माणसाला वाटलंच नसतं काही.

"किती दिवसांनी आलाव भाऊ," अक्का म्हणाली. "मला वाटलं इसरलाव."

"इसरतोय कुठं. रोज ऐकायलीस ना?"

अक्का चुलीकडं वळली. मी फोन कुठं आहे म्हणून विचारलं. तिनं पेटी उघडली, लुगड्यांच्या खालून फोन काढला. फडक्यात बांधलेला, कधीचा बंद.

"बिघडला का आत्या?"

"बिघडला न्हाय. मलाच निभंना."

मग हळूहळू बाहेर आलं. फोन लावला की तो माणूस वाचायला लागायचा. अक्का पदर घेऊन, हात जोडून समोर बसायची. एक अध्याय झाला की तो लगेच दुसरा सुरू करायचा. वाचणं चालू असताना उठायचं कसं? आणि त्याला मध्येच गप्प करायचं कसं? अण्णा वाचायचे तेव्हा ते स्वतः मिटायचे. हा मिटतच नव्हता. चुलीवरची आमटी करपली, शेळी दाव्याला ओरडत राहिली, आणि अक्का गुडघे दुखत असताना फोनमधली बॅटरी संपेपर्यंत तिथंच बसून राहिली. असं चार-सहा दिवस केलं. मग तिनं ठरवलं की लावायचाच नाही. लावून अपमान करण्यापेक्षा न लावलेला बरा.

"आत्या, मी दाखवलं होतं ना बंद करायचं?"

"दावलं हुतंस बाय. पर देव बोलायलाय आन् म्या बटन दाबू?"

म्हणजे पावसाळ्यापासून ह्या बाईनं काही ऐकलेलं नव्हतं. अण्णांचा चेहरा पडला. ते समजून होते, की तिच्या घरात रोज वाचलं जातंय.

अक्का उठली. फळीवरून तिचं पुस्तक काढलं, कपडा सोडला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवलं. "आलाव तर वाचा की भाऊ. लई दिस झालं."

मी म्हटलं, "आत्या, मी वाचते आज."

"तू बस गं. भाऊ हायत की."

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी पुस्तक माझ्याकडं द्यायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, अक्का, मला दिसत नाही. पण तिनं पदर डोक्यावर घेतला होता, हात जोडले होते. अण्णांनी पुस्तक उघडलं.

त्यांना पुष्कळ पाठ होतं, आणि सुरुवात त्यांनी एका स्तोत्रानं केली. आवाज पूर्वीसारखा. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकत होते मी. मी बाजूला बसले होते, मला उघडलेलं पान दिसत होतं. ते स्तोत्रांचं नव्हतं. खूप आधीचं, जुन्या कराराच्या सुरुवातीकडचं, वंशांची आणि घराण्यांची मोजदाद आहे तिथलं. अण्णा त्या नावांवर नजर ठेवून स्तोत्र म्हणत होते. अर्ध्यावर आल्यावर ते दुसऱ्या स्तोत्रात शिरले, मला कळलं, त्यांनाही कळलं असणार, कारण ते थांबले. एरवी वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं असतं. पण पाठ म्हणणाऱ्यानं मागं जाऊन कुठं बघायचं? अक्का वाट बघत होती.

आणि मग अण्णा बोलायला लागले. पुस्तक उघडं होतं. चाल तीच, शब्दांची ठेवण तीच, कुणालाही वाचतायत असंच वाटलं असतं. जो दूर निघून गेला आहे त्याला परमेश्वर विसरला नाही, असं काहीसं. मातेचे अश्रू त्यानं मोजले आहेत. आणि कापणीचे दिवस सरण्याआधी गेलेला पुत्र आपल्या आईच्या उंबऱ्याशी उभा राहील.

असं काही त्या पुस्तकात नाही. त्या पानावर तर नाहीच, कुठंच नाही.

अक्का रडत होती. अण्णांनी पुस्तक मिटायला घेतलं तेव्हा तिनं हात मध्ये घातला. "थांबा भाऊ. खूण करून ठेवा तिथं. हे कदी वाचलं न्हवतं तुमी." लुगड्याच्या काठाचा एक दोरा तिनं तोडला आणि स्वतःच त्या पानात घातला. अण्णांचे हात पुस्तकावर तसेच होते.

एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो तेव्हा मी म्हटलं, "तिच्या मनाला बरं वाटलं. जाऊ द्या."

"म्या वाचून दावलं तिला," अण्णा म्हणाले. "उघड्या पुस्तकातनं."

"तुम्ही मुद्दाम नाही केलं."

"मंग कुणी केलं?"

त्यानंतर त्यांनी स्वतःसाठी फोन लावणंही बंद केलं. पहाटे उठायचे, बसायचे, ऐकायचे नाहीत. मी लावून दिला तर उठून परसात जायचे. रविवारी खोलीत सगळ्यांच्या मागं, दाराशी बसायला लागले. पाळकसाहेब एकदा म्हणाले, अण्णा, आज तुम्ही प्रार्थना करा. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. आईनं मला आत बोलावून विचारलं, "तेरला काय झालं गं?" मी सांगितलं. आई म्हणाली, "एवढंच व्हय? आमी बाया तर देवाच्या नावावर रोज कायबाय बोलताव." पण तीही हे अण्णांच्या तोंडावर बोलली नाही.

ज्वारीच्या काढण्या झाल्या. खळी झाली. अक्काचा मुलगा आला नव्हता, हे मला विचारायचीही गरज वाटली नाही. एक दिवस तिचा फोन आला. तोच जुना फोन, शेजारच्या पोरीकडून चार्ज करून, नंबर लावून घेतला होता.

"बाय, म्या घर सारवून ठिवलंय. उंबरा बी नवा बशीवला. पर काढनी सरली गं. भाऊला इचार की, त्यात लिवलंय ती काढनी ह्या सालची का म्होरच्या?"

मी अण्णांकडं फोन दिला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. अण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"अक्का," ते म्हणाले, "ते पुस्तकात न्हाय."

"काय न्हाय?"

"पोरगा येईल म्हनून. ते म्या बोललो. मला आता दिसत न्हाय वाचायला. म्या मनानं बोललो ते."

मग अक्का हसली. "काय बी बोलताव भाऊ. माझ्या म्होरं वाचलं की तुमी. म्या बगितलं न्हाय व्हय? त्यो फोनमधला बोलला असता तर म्हनलं असतं, काय बी बोलत आसंल. पुस्तकातलं हाय ते. दोरा हाय तिथं."

"अक्का, ऐक..."

"माझं पोरगं आलं न्हाय म्हनून तुमाला वाईट वाटायलंय. कळतंय मला. म्होरच्या सालची आसंल काढनी. या की एकदा. दिसत नसलं तर नका वाचू, नुसतं बसा येऊन."

अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. मी बोलायला गेले तोवर तिनं ठेवला होता.

मी त्यांना म्हटलं, जाऊ या, ती नुसतं बसायला बोलावतेय. ते म्हणाले, "नुसतं बसून काय करू? च्या पिऊ? वाचनारा म्हनून गेलो म्या त्या घरात. आता कोन म्हनून जाऊ?" मग म्हणाले, "तू जा. दोरा हाय ते पान वाच तिला. हाय तसं. सगळं."

मी गेले. सुट्टी काढून गेले. अक्काला म्हटलं, आत्या, अण्णांनी ते खुणेचं पान पुन्हा वाचायला सांगितलंय. तिला आनंदच झाला. पुस्तक काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं, पदर घेतला, हात जोडले. मी दोऱ्याचं पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. अमक्याचे वंशज, त्यांची कुळं, त्यांची संख्या. तमक्याचे वंशज, त्यांची कुळं, त्यांची संख्या. स्पष्ट, सावकाश, एकही शब्द न गाळता. असं वाचायला मी अण्णांकडूनच शिकले आहे. पान उलटलं, पुढचंही वाचलं. त्यात कुणाची आई नव्हती, कुणी उंबऱ्याशी येत नव्हतं.

अक्कानं शेवटपर्यंत ऐकलं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "बघा आत्या, हेच आहे तिथं. दुसरं काही नाही."

तिनं माझ्याकडं जरा मायेनंच बघितलं.

"शिकलीस लई," ती म्हणाली, "पर भाऊवानी वाचायला जमंना तुला. तुला नुसती नावंच दिसायलीत."

दोरा पानात नीट आत सरकवला, कपडा बांधला आणि पुस्तक फळीवर ठेवलं. मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

घरी आले तेव्हा अण्णा ओट्यावर होते. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं, तरी त्यांनी माझ्याकडं तोंड केलं.

"वाचलंस?"

"वाचलं. सगळं."

"मंग?"

जसं घडलं तसं मी सांगितलं. तिचे शब्दसुद्धा. अण्णांनी ते ऐकून घेतलं.

"म्हंजे ती वाट बगनार," ते म्हणाले.

"बघणार," मी म्हटलं.